वाळीत टाकण्याचा हक्क?

पंथाने एखाद्या कुटुंबास वाळीत टाकले, त्याच्या मयतास दफनभूमीचे दार बंद केले, तर हा त्यांचा घरगुती मामला म्हणून राज्याने स्वस्थ बसावे काय? मुंबईच्या विधिमंडळाने १९४९ मध्येच बहिष्कृती अवैध ठरविली होती. परंतु दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या अर्जावर १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने तो कायदा रद्द केला. धार्मिक कारणावरून बहिष्कृत करणे हा पंथाचा अंतर्गत अधिकार मानला गेला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी मात्र बहिष्कृताची अवस्था जवळजवळ अस्पृश्याचीच होते, हे दाखवून दिले. आम्हांस हे एकाकी मतच न्याय्य वाटते. श्रद्धेची प्रतिष्ठा आम्हीही मानतो. तथापि कायद्यापुढे मांडलेले कारण श्रद्धेबाहेरच्या नागरिकास, आणि विशेषतः त्या श्रद्धेतूनच हाकलल्या गेलेल्यास, तपासता आले पाहिजे. ‘आमच्यांत असेच चालते’ हे कारण नव्हे. जातपंचायतीही तेच सांगत आल्या. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने २०१६ मध्ये तीन वर्षांपर्यंत कारावासाचा कायदा केला. २०२३ मध्ये घटनापीठाने त्या जुन्या निकालाचा फेरविचार नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविला. तेथे पंथाच्या हक्कांचा ऊहापोह होईलच. दफनभूमीच्या दाराशी अडविलेल्या त्या कुटुंबाचे म्हणणेही तितक्याच सावकाशीने ऐकले जावे, अशी आमची मागणी आहे.