वादकांचे ऋण

एखादे जुने चित्रपटगीत कानी पडले, की ऐकणारा चटकन गायिकेचे नाव सांगतो. फार तर त्याला संगीतकार व कवी आठवतात. परंतु गीताच्या आरंभी उसळणारे व्हायोलिनांचे सूर किंवा दोन कडव्यांमधील ट्रम्पेटची लकेर कोणाची, हे कोणी विचारीत नाही. वास्तविक ते विचारले गेले पाहिजे; कारण गीताची शोभा वाढविण्यात त्या वादकांचाही मोठा वाटा असतो.

1940 नंतरच्या काही दशकांत मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत जे वाद्यवृंद जमत, त्यांत गोव्याचे वादक पुष्कळ असत. 1961 पर्यंत गोव्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता. तेथील चर्चच्या शाळांत मुले लहानपणीच व्हायोलिन वाजविण्यास आणि पाश्चात्त्य स्वरलिपी वाचण्यास शिकत. पुढे पोटापाण्यासाठी त्यांतील कित्येक जण मुंबईची वाट धरीत. येथे त्यांची विद्या कामी आली. संगीतकार चाल बांधी. पण अनेक वादकांनी एकाच वेळी काय काय वाजवायचे, हे कागदावर उतरविण्याचे काम सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे संयोजक करीत.

हे काम सोपे नव्हते. गायक व वादक एकाच वेळी गात-वाजवीत आणि गीत मुद्रित होई. एकाचा एक स्वर चुकला, तरी सर्वांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे.

कोणी म्हणेल, "त्यांना कामाचे पैसे मिळत, मग नावाचा आग्रह कशाला?" पण पैशाने वेळेचे मोल फिटते, कौशल्याचे ऋण फिटत नाही. एके काळी गायकांचीही हीच गत होती. 1949 च्या 'महल' चित्रपटातील लता मंगेशकरांच्या गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेच्या जागी 'कामिनी' हे पात्राचे नाव छापले होते! पुढे गायकांची नावे छापली जाऊ लागली; त्यामुळे संगीतकारांचा मान उणा झाला नाही. मग वादकांच्या नावानेच तो कसा उणा होईल?

एका शिष्याने मात्र हे ऋण मानले. गोव्यातील माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (1927–2012) हे नामांकित व्हायोलिनवादक व संयोजक. त्यांच्यापाशी शिकलेले प्यारेलाल पुढे विख्यात संगीतकार झाले. 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील एका गीतात त्यांनी आपल्या गुरूचे नाव गुंफविले. देशभर ते नाव लोकांच्या ओठी आले. परंतु ते एका खऱ्या वादकाचे आहे, हे थोड्यांनाच ठाऊक होते.

पुढे प्रत्येक वाद्य वेगळे मुद्रित करण्याची सोय झाली, विद्युत्-वाद्ये आली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ते मोठे वाद्यवृंद पांगले. त्यांचे सूर आजही घरोघरी ऐकू येतात. ती गीते जशी जतन केली जातात, तशीच वादकांची नावेही शोधून जतन केली पाहिजेत. या सवयीचा आरंभ शाळेतही करता येईल. स्नेहसंमेलनात गाणाऱ्या मुलीचे नाव पुकारले जाते. तिच्यामागे बसून पेटी आणि तबला वाजविणाऱ्या मुलांची नावेही त्याच आवाजात पुकारली जावीत.