परीक्षा संपेपर्यंत फुलं थांबतील का?

दोस्तांनो, भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा आणि शेजारी जपानचा नकाशा उघडून ठेवा. आज आपण एका सहलीचा बेत आखणार आहोत. सहल लांबची आहे आणि खर्चाची आहे, तेव्हा आई-बाबांनाही जवळ बसवून घ्या. जायचं आहे जपानला, साकुरा बघायला. साकुरा म्हणजे चेरीची फुलं. ती बघायला झाडाखाली जाऊन बसायचं, त्याला जपानी लोक ‘हानामी’ म्हणतात. हाना म्हणजे फूल आणि मी म्हणजे बघणं.

बेत आखायचा म्हणजे आधी तारीख ठरवायची, आणि इथंच घोडं अडतं. ताजमहाल बघायला कधीही जा, तो जागचा हलत नाही. साकुराचं तसं नाही हं! पहिल्या कळ्या उमलल्या की झाड पूर्ण बहरायला साधारण आठवडा लागतो, आणि तो बहर टिकतोही जेमतेम आठवडाभर. मध्येच जोराचा पाऊस-वारा आला तर तेवढाही नाही. विमानाची तिकिटं मात्र दोन-तीन महिने आधी काढावी लागतात. म्हणजे झाडावर एक पानही नसतं, कळ्या घट्ट मिटलेल्या असतात, तेव्हाच आपण त्यांची उमलायची तारीख ठरवून बसायचं!

त्यात आपली आणखी एक अडचण आहे. टोकियोत पहिली फुलं सरासरी २४ मार्चला उमलतात, क्योटोत २६ मार्चला. त्या दिवसांत तुम्ही कुठे असता? बरोबर. वार्षिक परीक्षेचा अभ्यास करत! आपली सुट्टी लागते ती मे महिन्याच्या तोंडावर. तोवर टोकियोच्या झाडांवर हिरवीगार पानं आलेली असतात. मग काय, बेत रद्द? थांबा. आधी ही फुलं कशी उमलतात ते नीट समजून घेऊ, म्हणजे वाट सापडेल.

चेरीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होतात आणि झोपी जातात. त्यांना जाग यायची तर कडक थंडी लागते. गंमत आहे ना? थंडी पडली की आपण पांघरुणात शिरतो, आणि ही कळी थंडी पुरेशी खाल्ल्याशिवाय जागीच होत नाही. (आपल्या कोकणात किंवा मुंबईत ही झाडं का लावत नाहीत, याचं उत्तर इथंच मिळालं.) कळी जागी झाली की मग मात्र तिला ऊब हवी. ऊब जितकी जास्त, तितकी ती लवकर उमलते. २०२० साली मोठी गंमत झाली. हिवाळा फार सौम्य होता. टोकियोत फुलं १४ मार्चलाच उमलली, आणि अगदी दक्षिणेच्या, उबदार कागोशिमा शहरात मात्र १ एप्रिलला! तिथल्या कळ्यांची झोपच पुरती मोडली नव्हती.

आता वही-पेन्सिल घ्या. जपानात एक सोपा ठोकताळा आहे. १ फेब्रुवारीपासून रोजचं सरासरी तापमान मांडायचं आणि बेरीज करत जायचं. बेरीज ४०० अंशांच्या आसपास पोचली की टोकियोची फुलं उमलायला लागतात. करून बघू. टोकियोत फेब्रुवारीत दिवसाचं सरासरी तापमान ६ अंश धरा. २८ गुणिले ६, झाले १६८. चारशेला उरले २३२. मार्चचं सरासरी तापमान साडेनऊ अंश धरा. २३२ भागिले ९.५, म्हणजे साधारण साडेचोवीस. उत्तर आलं २५ मार्च! खरी सरासरी २४ मार्च आहे. चौथी-पाचवीच्या गणितातून आलेलं उत्तर एका दिवसानं चुकलं, तर मी त्याला पैकीच्या पैकी गुण देईन. आता मार्च दोन अंशांनी गरम आहे असं समजून हेच गणित पुन्हा करा. चार दिवस गळतात ना? दोन अंशांची किंमत चार दिवस!

जपानचं हवामान खातं तर यासाठी खास झाडं ठरवून ठेवतं. देशभर अशी पन्नासाहून अधिक ठिकाणं आहेत. टोकियोचं झाड यासुकुनी देवस्थानाच्या आवारात आहे. मार्चमध्ये खात्याचा माणूस रोज येऊन त्या झाडाकडे मान वर करून बघतो. भोवती टीव्हीवाल्यांची ही गर्दी. पाच-सहा फुलं उमललेली दिसली की तो जाहीर करतो, ‘फुलं उमलली!’ लोक टाळ्या वाजवतात. ऐंशी टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर.

पूर्वी फुलं कधी उमलतील याचा अंदाजही हेच खातं द्यायचं. २००७ साली संगणकातल्या चुकीमुळे टोकियोसह चार ठिकाणच्या तारखा चुकल्या, तर अधिकाऱ्यांनी सर्वांसमोर वाकून माफी मागितली. २०१० पासून खात्यानं अंदाज देणं थांबवलं, ते काम आता खासगी कंपन्या करतात. पण झाडाखाली उभं राहून फुलं मोजायचं काम अजून खातंच करतं.

एक झाड बघून सगळ्या शहराचं कसं कळतं, असं विचाराल. तुमच्यापैकी कोकणातल्या मुलांना हे पटकन कळेल. हापूसची कलमं आणि रायवळ आंबे यांतला फरक त्यांना माहीत आहे. रायवळचं प्रत्येक झाड वेगळं, त्याची चव वेगळी, वेळ वेगळी. कलम मात्र आपल्या मूळ झाडासारखंच. जपानात शहराशहरांतून सर्वांत जास्त दिसणारी चेरी म्हणजे ‘सोमेई योशिनो’. तिची सगळी झाडं कलमं बांधूनच वाढवलेली आहेत. म्हणून एका गावातली सगळी एकदम फुलतात, आणि एकदम गळतातही! डोंगरातली ‘यामाझाकुरा’ मात्र रायवळसारखी. प्रत्येक झाड आपापल्या मर्जीनं फुलणार.

आता नकाशाकडे या. जपान दक्षिणेकडून उत्तरेकडे लांबलचक पसरलेला देश आहे. ऊब दक्षिणेकडून वर सरकते आणि तिच्या मागोमाग फुलंही. आपल्या वर्तमानपत्रांत जूनमध्ये मान्सूनचा नकाशा येतो ना, मान्सून केरळात आला, तळकोकणात आला, मुंबईत पोचला, अगदी तसाच तिथं साकुराचा नकाशा छापतात. मार्चच्या शेवटी टोकियो, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सेंदाई, आणि अगदी वरच्या होक्काइदो बेटावर? बघा बरं! हाकोदातेची सरासरी तारीख २८ एप्रिल, साप्पोरोची १ मे. सापडली की नाही वाट? परीक्षा पुढं ढकलायची गरज नाही, आपणच उत्तरेला जायचं!

पण जरा सबुरीनं. आई-बाबांनी लगेच तिकिटं काढू नयेत. या सरासऱ्या १९९१ ते २०२० या तीस वर्षांच्या आहेत, आणि फुलं आता घाई करू लागली आहेत. क्योटोत राजांनी, दरबाऱ्यांनी, भिक्षूंनी आपापल्या रोजनिशीत हानामीच्या तारखा लिहून ठेवल्या आहेत. सर्वांत जुनी नोंद आहे इ.स. ८१२ ची. यासुयुकी आओनो या प्राध्यापकांनी अशा जुन्या वह्या वाचून बाराशे वर्षांच्या तारखा गोळा केल्या. दोनशे वर्षांपूर्वी तिथला पूर्ण बहर एप्रिलच्या मध्याला यायचा. २०२१ साली तो २६ मार्चलाच आला! त्याआधीचा सर्वांत लवकरचा बहर २७ मार्चचा होता, तोही १४०९ सालचा. शहरं वाढली, पृथ्वी तापली, दोन्हींचा हा परिणाम. साप्पोरोतही २०२३ साली फुलं १५ एप्रिललाच उमलली. १ मेचा भरवसा धरून कुणी त्या वर्षी गेलं असेल, तर त्याला पानंच बघायला मिळाली असतील.

म्हणून माझा सल्ला असा, की एकाच जातीच्या झाडांवर सगळी सहल टांगू नका. होक्काइदोच्या दक्षिण टोकाला मात्सुमाए नावाचं छोटंसं किल्ल्याचं गाव आहे. तिथल्या बागेत सुमारे २५० जातींची दहा हजार चेरीची झाडं आहेत. लवकर फुलणारी, मधली आणि उशिरा फुलणारी. त्यामुळे एप्रिलच्या शेवटापासून जवळजवळ महिनाभर काही ना काही फुललेलं असतंच. उशिराची फुलं बहुतेक भरगच्च पाकळ्यांची, आपल्या गुलाबासारखी. या गावात मासातोशी आसारी नावाचे एक शिक्षक होते. मोठे शास्त्रज्ञ वगैरे नव्हेत, प्राथमिक शाळेतले गुरुजी! त्यांनी चेरीच्या शंभराहून अधिक नव्या जाती तयार केल्या. दुसऱ्या महायुद्धात हाकोदातेच्या भागात ब्रिटिश युद्धकैद्यांचे फार हाल झाले होते. ते गुरुजींच्या मनाला लागून राहिलं होतं. १९९३ साली त्यांनी आपल्या ५८ जाती इंग्लंडला, विंडसरच्या बागेसाठी भेट पाठवल्या. मला विचाराल तर टोकियोची सगळी गर्दी सोडून मी आधी या गुरुजींची झाडं बघायला जाईन.

टोकियोहून शिनकानसेन, म्हणजे जपानची अतिवेगवान रेल्वे, २०१६ पासून थेट होक्काइदोत जाते. वाटेत समुद्राखालचा सेईकान बोगदा लागतो, जवळजवळ ५४ किलोमीटर लांब! खिडकीतून मासे दिसत नाहीत हं, नुसता अंधार. बोगद्यापलीकडे किकोनाई स्थानकावर उतरलं की तिथून बसनं दीडेक तासात मात्सुमाए. मुक्काम हाकोदातेला करावा. तिथं गोर्योकाकु नावाचा चांदणीच्या आकाराचा जुना किल्ला आहे. शेजारच्या मनोऱ्यावर चढलं की पाच टोकांची चांदणी खाली स्पष्ट दिसते. फुलं असली तर कडेनं गुलाबी, नसली तर हिरवी.

तारीख? २९ एप्रिल ते ५ मे जपानात सुट्ट्यांचा आठवडा असतो. गाड्या भरलेल्या, हॉटेलं महाग. आपण ६ मेनंतर पोचावं. हॉटेल असं घ्यावं, की जे दोन-चार दिवस आधी कळवलं तर पैसे परत देतं. मग फुलं पुढं पळाली तर आपणही मुक्काम उत्तरेला हलवू शकतो. होक्काइदोच्या पूर्व टोकाला नेमुरो आहे, तिथली फुलं देशातल्या शेवटच्या फुलांत धरतात. व्हिसा लागतोच, तो वेळेवर काढा. आणि आई, स्वेटर बॅगेत वरच ठेवा! मे महिना असला तरी तिथं संध्याकाळी हुडहुडी भरते.

शाकाहारी मंडळींनी जरा विचारून खावं, कारण साध्या दिसणाऱ्या सूपमध्येही बहुधा सुक्या माशाचं पाणी असतं. पण ‘साकुरा मोची’ जरूर खा. गुलाबी तांदळाची गोळी, आत लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण, आणि वरून चेरीचं मिठात मुरवलेलं पान. आपल्या मोदकाचं लांबचं भावंडच म्हणा ना. झाडाखाली बसून ती खाताना फांदी ओढायची नाही, झाड हलवून पाकळ्या पाडायच्या नाहीत, आणि फोटोसाठी मुळांवर उभं राहायचं नाही. हे मुलांपेक्षा बाबांना जास्त सांगावं लागतं, असा माझा अनुभव आहे!

ज्यांना इतक्यात जायला जमणार नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. १ फेब्रुवारीपासून रोज टोकियोचं सरासरी तापमान वहीत उतरवा आणि बेरीज करत जा. चारशेच्या जवळ आलात की आपली तारीख लिहून लिफाफ्यात बंद करा, वर सही करा आणि लिफाफा वर्गशिक्षकांकडे द्या. यासुकुनीतल्या झाडाची बातमी आली की मगच फोडायचा.