आकड्यांशी खेळणं हाही अभ्यासच

गणिताचा तास आला की आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या पोटात गोळा येतो. घरी कोडं घालत बसलं तर मोठी माणसं म्हणतात, "खेळ पुरे, पाढे म्हण." पाढे तर यायलाच पाहिजेत. पण माझं मत असं, की आकड्यांशी खेळणं हाही अभ्यासच आहे. का ते सांगते.

देवळालीच्या शाळेत द. रा. कापरेकर नावाचे शिक्षक होते. त्यांना आकड्यांचा भारी नाद. १९४९ साली त्यांना एक गंमत सापडली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. त्याच अंकांची मोठ्यात मोठी आणि लहानात लहान संख्या करा आणि वजाबाकी करा. उत्तराचं पुन्हा तसंच करा. उत्तर तीन अंकी आलं तर पुढे शून्य मांडा. समजा, ३५२४ घेतली.

५४३२ – २३४५ = ३०८७
८७३० – ०३७८ = ८३५२
८५३२ – २३५८ = ६१७४

आता ६१७४ चं करा. परत ६१७४ च! कोणतीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथंच येते.

आमच्या वर्गात एक मुलगा आहे. हातच्याची वजाबाकी दिली की तो पाटी पालथी घालायचा. या खेळात त्यानं एका दुपारी चार वेळा पाटी भरली नि पुसली. कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरा खेळ चिंचोक्यांचा. वीस चिंचोके मांडा. दोघांनी पाळीपाळीनं एक, दोन किंवा तीन उचलायचे. शेवटचा उचलेल तो जिंकला. दुसरी पाळी आपण घ्यायची आणि दर वेळी सोळा, बारा, आठ, चार असे शिल्लक ठेवायचे. मग आपण हरतच नाही. हा चारचा पाढाच की! ज्याला पाढा येत नाही, त्याला तो पाठ करावासा वाटतो.

म्हणून मला वाटतं, शाळेत दर शनिवारी फळ्यावर एक कोडं असावं. आणि पालकांनो, तुम्ही आज आलाच आहात, तर घरी गेल्यावर चार अंक सांगा आणि थोडा वेळ आमच्याजवळ बसा. पैसे लागत नाहीत. पाटी आणि मूठभर चिंचोके पुरतात.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी