ताल ढासळली की द्राक्षही गेले

सभासद बंधूंनो, उसाच्या पत्रिकेत वाइनची गोष्ट कशाला, असे कोणी विचारील. पण ही गोष्ट खरी बांधाची आहे.

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर चिंक्वे तेर्रे ही पाच गावे आहेत. समुद्रात उतरलेले खडकाळ डोंगर. तिथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चुना-सिमेंटशिवाय दगडी ताली रचून बोस्को, अल्बारोला ही गावठी द्राक्षे जगवली. ट्रॅक्टर चढत नाही, सारी तोडणी हाताने. काही जण बाहेरचे यीस्ट घालतच नाहीत. सालीवरच्या यीस्टनेच रस आंबवतात. माल नासका असला तर हे साधत नाही. साखर शेतात तयार होते, कारखाना ती फक्त काढतो, असे आम्ही म्हणतो, वाइनचेही तसेच.

गावकऱ्यांनी सहकारी वायनरीही काढली. पण तरणी पोरे शेती सोडून गेली, ताली पडीक पडल्या. वरची ताल ढासळली की खालच्याचे रान जाते. २५ ऑक्टोबर २०११ च्या ढगफुटीत डोंगरावरचा दगड-चिखल वेर्नात्झा आणि मोंतेरोस्सो गावांत घुसला.

आपल्याकडे तर बांध कोरण्यात आपण भाऊबंदकीही विसरतो! चर बुजवतो, आणि पाणी शेजाऱ्याच्या उसात साचते. आमचे स्पष्ट मत आहे, कारखान्याने नुसता टनांचा हिशेब न ठेवता बांध-चरांच्या कामालाही हात द्यावा. आणि सभासदांनी? निदान यंदा तरी बांधाला कुदळ लावू नये. बघा, पटतंय का.