बदलाचा भुर्दंड प्रवाशाच्याच माथी

तिकिटाची तारीख बदलून देताना विमान कंपन्या शुल्क घेतात, त्यामागे एक खरे कारण आहे. विमानातली जागा नाशिवंत असते. उड्डाण झाले की रिकाम्या खुर्चीचे मोल शून्य. प्रवाशाने आदल्या संध्याकाळी बेत बदलला तर ती जागा पुन्हा विकली जाईलच असे नाही. शिवाय आधी ठरवणाऱ्याला स्वस्त आणि ऐनवेळी निघणाऱ्याला महाग ही भाड्याची रचना टिकवायची, तर स्वस्त तिकीट हवे तसे फिरवण्याची मोकळीक देता येत नाही. इथवर कंपन्यांचे म्हणणे रास्त आहे.

अन्याय सुरू होतो तो आकारणीत. २०१३ मध्ये अमेरिकेतील युनायटेडने देशांतर्गत तिकीट बदलण्याचे शुल्क १५० डॉलरवरून २०० डॉलरवर नेले आणि इतर मोठ्या कंपन्यांनीही तोच आकडा धरला. प्रवास तीन महिन्यांवर असो की उद्यावर, शुल्क तेवढेच. वास्तविक तीन महिने आधी मोकळी झालेली जागा कंपनी पुन्हा विकते आणि उड्डाण जवळ येईल तसे भाडे चढत असल्याने पुष्कळदा जास्त दराने विकते. नुकसान झालेलेच नसते, तरी भरपाई पुरती वसूल होते. वर नव्या तारखेचे भाडे जास्त असेल तर तो फरकही प्रवाशानेच भरायचा. २०१९ या एका वर्षात अमेरिकी कंपन्यांनी बदल आणि रद्द करण्याच्या शुल्कातून सुमारे २.८ अब्ज डॉलर मिळवले.

करोनाकाळात तिकीट काढायला कोणी धजेना, तेव्हा ऑगस्ट २०२० च्या अखेरीस युनायटेडने देशांतर्गत प्रवासासाठी हे शुल्क कायमचे काढून टाकले. डेल्टा आणि अमेरिकन एअरलाइन्स दुसऱ्याच दिवशी मागोमाग आल्या. साउथवेस्ट तर ते आधीपासूनच घेत नव्हती. मात्र सर्वांत स्वस्त, ‘बेसिक इकॉनॉमी’ तिकिटे या कायमच्या सवलतीतून वगळली गेली. दोनशे डॉलर ज्याला सर्वाधिक जड, तोच बाहेर राहिला.

भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑगस्ट २०१६ पासून एक मर्यादा घातली: रद्द करण्याचे शुल्क मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू नये, कर आणि विमानतळावरील आकार परत मिळावेत. नियम उपयोगाचा आहे, पण तोकडा. स्वस्त तिकिटावर ही मर्यादा म्हणजे जवळजवळ सगळेच भाडे. उड्डाणाला किती दिवस उरले आहेत, याच्याशी शुल्काची सांगड घालायला हवी.

तिकिटाच्या बाबतीत बदल प्रवासी करतो आणि भुर्दंडही तोच भरतो. नेहमीच्या प्रवाशांसाठीच्या सभासद-योजनांमधील पॉइंट आणि माइल यांच्या व्यवहारात मात्र बदल करते ती कंपनी, तरी भुर्दंड पडतो तो प्रवाशावरच. अमेरिकन एअरलाइन्सने मे १९८१ मध्ये आपली योजना सुरू केली, तेव्हा माइल मिळत ते प्रामुख्याने प्रवास केल्यावर. आज बँका हे पॉइंट कंपन्यांकडून घाऊक विकत घेतात आणि कार्डावरच्या खरेदीच्या बदल्यात ग्राहकाला देतात. म्हणजे त्यांचे पैसे कंपनीच्या हाती आधीच पडलेले असतात. पूर्वी कोणत्या प्रदेशातून कुठे जायला किती माइल लागतील, याचा तक्ता जाहीर असे. डेल्टाने तो २०१५ मध्ये हटवला, युनायटेडने २०१९ मध्ये. आता मागणीनुसार दर हलतो. न्यू जर्सीहून मुंबईला आई-वडिलांकडे येण्यासाठी दोन-तीन वर्षे माइल साठवणाऱ्याला आपल्याला कुठवर पोहोचायचे आहे, हेच दिसेनासे झाले आहे.

न्यायालयात आधार मिळतो, पण थोडाच. अमेरिकनने १९८८ मध्ये आधी जमवलेल्या माइलवरही नव्या अटी लादल्या. त्यावर १९९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने करारभंगाचा दावा चालू शकतो असे ठरवले. पण अटी केव्हाही बदलण्याचा अधिकार करारातच लिहिलेला असेल, तर भंग दाखवायचा कसा? २०१४ मध्ये दुसऱ्या एका विमान कंपनीच्या सभासदाने कंपनीने सद्भावनेने वागायला हवे होते, हा मुद्दा मांडला. विमानसेवा मुक्त करणारा १९७८ चा कायदा पुढे करून न्यायालयाने तोही एकमताने फेटाळला.

जमवलेले माइल ही सभासदाची मालमत्ता नाही, असे अटींमध्ये बजावलेले असते. याच सभासद-योजना तारण ठेवून युनायटेडने २०२० मध्ये ६.८ अब्ज डॉलर उभे केले आणि डेल्टाने सुमारे ९ अब्ज. सावकाराला जे भक्कम तारण म्हणून दाखवता येते, त्यात सभासदाचा काहीच हक्क नाही, हे पटण्यासारखे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने चार मोठ्या कंपन्यांकडून पॉइंटची घटती किंमत आणि अपारदर्शक दर यांविषयी माहिती मागवली. त्यातून निदान एवढा नियम निघायला हवा: दरवाढीची सूचना वर्षभर आधी मिळावी आणि त्या मुदतीत जुन्या पॉइंटवर जुन्याच दराने तिकीट काढता यावे.