सडलेल्या मालाचा भार कोणाच्या माथी?

शेतमालाच्या भावाविषयी चळवळीने पुष्कळ लिहिले व बोलले आहे. परंतु भाव ठरण्यापूर्वी आणि ठरल्यानंतर जो माल कुजून जातो, त्याचा हिशेब क्वचितच मांडला जातो. भंडारा जिल्हा तळ्यांचा आणि धानाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. तथापि पवनी व लाखांदूर तालुक्यांत, वैनगंगेच्या आणि चुलबंदच्या काठाने, वांगी, मिरची, टमाटे व कारली पिकविणारा लहान शेतकरीही आहे. त्याचा माल घरी थांबू शकत नाही. आज तोडलेले वांगे आजच बाजाराच्या वाटेला लावावे लागते, आणि एकदा माल बाजारात उतरला की भाव पटला नाही म्हणून तो परत नेण्याचे धाडस कोणी करीत नाही. मालाला लागणारी सड हेच खरेदीदाराच्या हातातील सर्वांत मोठे बळ आहे.

लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत टमाट्यांची नासाडी १२.४४ टक्के आढळली. म्हणजे तोडणीपासून ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत साधारणपणे आठ टोपल्यांतील एक टोपली वाया जाते. या टोपलीचा खर्च कोण सोसतो? लिलावात नरम माल म्हणून भाव पाडला जातो तेव्हा शेतकरी सोसतो. दुपारपर्यंत उरलेला माल गटारात टाकावा लागतो तेव्हा डोक्यावर पाटी घेऊन फिरणारी भाजीवाली सोसते. मधल्या साखळीने आपली दलाली आधीच वसूल केलेली असते.

ही सड प्रामुख्याने बुरशीची असते. वांग्यावर फोमॉप्सिस, मिरचीवर कोलेटोट्रायकम, टमाट्यावर अल्टरनेरिया व रायझोपस या बुरशा सर्रास आढळतात. खरचटलेली साल, तुटलेले देठ, ओले पोते आणि कोंदट हवा एवढे त्यांना पुरते. रायझोपसची बुरशी तर एका फळावरून लगतच्या फळावर पसरत जाते आणि दोन दिवसांत सारी टोपली निकामी करते. शीतगृह हा त्यावरील एक उपाय खरा. पण देशातील शीतगृहांची बरीच जागा बटाट्यासाठी वापरली जाते, आणि दोन पोती वांगी घेऊन येणाऱ्याचा तेथे पाड लागत नाही. उरतो तो रासायनिक बुरशीनाशकांचा मार्ग. चार दिवसांत ताटात येणाऱ्या भाजीला विषात बुचकळणे हा कोणत्याही अर्थाने लोकहिताचा उपाय नव्हे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांची फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मृत्युमुखी पडले. विषाची हाताळणी अखेर कोणाच्या हातून होते, हे विदर्भाला निराळे सांगावयास नको.

या पार्श्वभूमीवर वनस्पतींच्या अर्कांकडे गंभीरपणे पाहिले पाहिजे. लसूण ठेचली असता त्यातून ॲलिसिन नावाचे द्रव्य तयार होते. त्याचे जंतुनाशक व बुरशीनाशक गुण १९४४ पासून शास्त्राला ठाऊक आहेत. ओव्यातील थायमॉल, तुळशीतील व लवंगेतील युजेनॉल, निंबोळीचे तेल यांनीही बुरशीची वाढ रोखली जाते. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांतून असे प्रयोग कित्येक वर्षे होत आले आहेत. दुर्दैव असे की, त्यांतील बहुतेक प्रयोग काचेच्या बशीत सुरू होतात आणि इंग्रजी निबंधात संपतात. वांगी पिकविणाऱ्याच्या अंगणापर्यंत त्यांतील एखादाही क्वचितच पोहोचतो.

मात्र कार्यकर्त्यांनी भाबडेपणाही टाळला पाहिजे. बशीत बुरशीला चहूबाजूंनी अर्काने वेढलेले असते. वांग्याच्या मेणचट सालीवर तोच अर्क ओघळून जातो. मिरचीतील कोलेटोट्रायकमची लागण पुष्कळदा शेतातच होऊन सुप्त राहते. तोडणीनंतर लावलेला अर्क आत शिरलेल्या बुरशीपर्यंत पोहोचत नाही. अर्कात बुडविलेला माल सावलीत नीट सुकविला नाही, तर ओलाव्यानेच सड वाढते. शिवाय वनस्पतीचे म्हणून सारेच निरुपद्रवी, हा समज घातक आहे. प्रयोगशाळांच्या याद्यांत धोतरा, कण्हेर आणि रुई यांचेही अर्क आढळतात. बुरशी रोखणारे द्रव्य माणसालाही मारक असू शकते. म्हणून खाण्याच्या भाजीसाठी स्वयंपाकघरात रुळलेल्या वनस्पतींपासूनच प्रारंभ केला पाहिजे, आणि त्यांचेही प्रमाण तपासून ठरविले पाहिजे.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. लसणीचा अर्क ताजा असतानाच प्रभावी असतो; तापविला किंवा फार दिवस ठेवला की त्याचा जोर ओसरतो. बाटलीत भरून दूरवर विकणाऱ्या कंपनीला ही मोठी अडचण वाटते. गावातच, माल निघेल त्या दिवशी अर्क तयार करणाऱ्या महिला बचत गटाला मात्र ती अडचण नाही. लहान यंत्राचा, गावाच्या आवाक्यातील तंत्राचा आग्रह डॉ. राममनोहर लोहियांनी धरला होता. त्या आग्रहाला येथे प्रत्यक्ष रूप देता येईल.

असे ज्ञान मोकळे सोडले तर ते मक्तेदारांच्या हाती जाते, याचा अनुभव देशाने घेतलेला आहे. कडुनिंबाच्या तेलाने बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर १९९४ साली युरोपीय पेटंट कार्यालयाने डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकी कंपनी व अमेरिकेचे कृषी खाते यांना पेटंट दिले. १९९५ मध्ये डॉ. वंदना शिवा व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यास आव्हान दिले; २००० साली ते पेटंट रद्द झाले आणि २००५ साली कंपनीचे अपीलही फेटाळले गेले. या लढ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत १९८५-८६ साली झालेल्या शेतावरील चाचण्यांचा पुरावा मोलाचा ठरला. महाराष्ट्राच्या शिवारात नोंदलेला प्रयोग म्युनिकच्या सुनावणीत उपयोगी पडला. ज्या ज्ञानाची नोंद झाली नाही, ते परंपरेने कितीही जुने असले तरी अशा ठिकाणी त्याचा बचाव करणे कठीण होते.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. साकोली येथे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. वांगी, मिरची व टमाटे यांवर तोडणीनंतरच्या अर्कांच्या चाचण्या त्याने शेतकऱ्यांच्या अंगणात, त्यांच्याच पोत्या-टोपल्यांसह घ्याव्यात. अपयशासकट सारे निष्कर्ष मराठीत छापून ग्रामपंचायतींना पाठवावेत. जिल्हा परिषदेने भाजीपाल्याच्या गावी सावलीचा ओटा, स्वच्छ पाणी आणि माल सुकविण्याची जागा यांची तरतूद करावी. कारण खरचटलेला व चिखलाने माखलेला माल कोणत्याही अर्काने वाचत नाही. सिद्ध झालेली कृती सर्वांसाठी खुली असावी, आणि ‘जैविक’ या नावाखाली विकल्या जाणाऱ्या बेनामी बाटल्यांची तपासणी व्हावी.

अर्कामुळे वांगे दोनच दिवस अधिक टिकले, तरी पिकविणाऱ्याला दुसऱ्या बाजाराची वाट पाहता येईल आणि पडेल भावाला नकार देता येईल. मात्र हे दोन दिवस उत्पादकाच्याच पदरात पडतील, याची हमी अर्क देत नाही. संघटना नसेल तर टिकाऊ मालाचा लाभही साठवणूक करणारा व्यापारीच उचलेल. भंडारा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी भाजी उत्पादकांच्या सहकारी विक्रीचा प्रश्न आणि या चाचण्यांची मागणी एकत्रच हाती घ्यावी, आणि जिल्हा परिषदेच्या येत्या अंदाजपत्रकापूर्वी ती गावोगावच्या ग्रामसभांच्या ठरावांतून पुढे आणावी.