शेवटचे क्रियापद

मराठीच्या मास्तराला एक वाईट खोड असते. दुकानाची पाटी असो, लग्नाची पत्रिका असो, की एस.टी.तली सूचना असो, तो आधी व्याकरण पाहतो आणि मग मजकूर. आमच्या घरी या खोडीला ‘लाल शाई’ म्हणतात. ही लाल शाई बरोबर घेऊनच गेल्या हिवाळ्यात मी निमगाव केतकीला गेलो होतो. निमित्त होते आमच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचे.

बारामतीहून इंदापूरला जाताना हे गाव लागते. विड्याच्या पानांसाठी त्याचे नाव. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी इथे मुक्कामाला असते. आम्ही उतरलो होतो त्याच्या शेजारीच एका आबांचा पानमळा होता. रोज सकाळी आमची मुले रांगेत उभी राहून संविधानाची उद्देशिका म्हणत, आणि आबा कुंपणापलीकडून काम करता करता ऐकत.

दुसऱ्याच दिवशी एका मुलीने मला गाठले. “सर, आमच्या तालुक्याच्या गावी कचेरीसमोर एक खांब आहे. त्याच्यावर हेच कोरलंय. पण त्यात ‘समाजवादी’ आणि ‘धर्मनिरपेक्ष’ हे शब्दच नाहीत. दगड चुकला की पुस्तक?”

प्रश्न लाल शाईचा होता, त्यामुळे मला आनंद झाला. मी म्हटले, “कोणीच चुकलं नाही. १९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा देशभर तालुक्यांच्या ठिकाणी असे स्तंभ उभे राहिले. एका अंगाला उद्देशिका, दुसऱ्या अंगाला त्या भागातल्या स्वातंत्र्यसैनिकांची नावं. ते दोन शब्द, आणि ‘एकात्मता’ हा तिसरा, १९७६ सालच्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं आले. पुस्तक नव्यानं छापता येतं; दगड बिचारा आहे तिथंच राहतो.”

मुलगी समाधानाने गेली. मी मात्र अडकलो. कारण तसला एक खांब माझ्याही ओळखीचा होता.

मी दहा वर्षांचा असेन. अण्णा, म्हणजे माझे वडील, सातबाऱ्यावरच्या एका नोंदीसाठी कचेरीत खेपा घालीत होते. तिसऱ्या खेपेला त्यांनी मलाही नेले. साहेब जागेवर नव्हते. बाहेर ऊन मी म्हणत होते, म्हणून आम्ही खांबाच्या चौथऱ्यावर, सावलीच्या बाजूला टेकलो. अण्णांना सहीपुरती अक्षरे येत. ते म्हणाले, “वाच की रे. एवढं खोदून लिवलंय, काय लिवलंय ते तरी कळू दे.”

मी मोठ्या ऐटीत सुरुवात केली: आम्ही, भारताचे लोक... आणि दोन ओळींत जोडाक्षरांनी माझी दमछाक केली. अण्णा म्हणाले, “पुढं? हे लोक म्हणत्यात तरी काय?” मी म्हणालो, “लई लांब वाक्य आहे, अण्णा. संपतच नाही.” तेवढ्यात आतून शिपाई ओरडला, “ए, उठा तिथून! ती काय बसायची जागा आहे?” अण्णा उठले. टोपी झटकली. मीही उठलो. वाक्य तिथेच राहिले.

पुढे मराठी घेऊन एम.ए. झालो, तेव्हा शिलालेख वाचायला शिकलो. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायथ्याशी मराठीतले एक फार जुने वाक्य कोरलेले आहे: श्रीचावुंडराजे करवियले. चावुंडरायाने करविले. घाम गाळणारे हात कोणाचे, ते दगड सांगत नाही, कर्ता राजा. शिलाहार-यादवांच्या दानलेखांचीही तीच तऱ्हा. देणारा राजा, घेणारा त्याच्या कृपेचा धनी, आणि दान कोणी मोडू नये म्हणून दगडावर गधेगाळ, म्हणजे उघडी शिवी.

कचेरीपुढचा दगड याच घराण्यातला, पण त्याचा कर्ता निराळा. पहिलाच शब्द ‘आम्ही’. ज्या गावात तुकोबांची पालखी मुक्काम करते तिथे अभंगाची रीत सांगायला नको. तिथे करणाऱ्याचे नाव शेवटच्या चरणात येते. इथे ते आरंभीच आले आहे. शिवी नाही, शाप नाही. दान मोडू नये म्हणून राखण कोणी करायची, तर ज्याने दिले त्यानेच.

आणि हे सगळे एकच वाक्य आहे. न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता, सगळे मधे येऊन जाते, पण मराठीत क्रियापद अगदी शेवटी बसते. अर्ध्यावर थांबणाऱ्याला या लोकांनी नेमके काय केले ते कळतच नाही. केले काय, तर हे संविधान ‘स्वतःप्रत अर्पण’ केले. आपल्याकडे अर्पण म्हटले की समोर देव हवा. संविधान सभेतही तो विषय निघाला होता. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी ह. वि. कामत यांनी, उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी, अशी सूचना मांडली. मतदान झाले, बाजूने ४१, विरुद्ध ६८. सभागृहात देव मानणारे काही कमी नव्हते. तरी ‘आम्ही’ पहिल्या जागी राहिला.

एवढे सगळे मी वर्गात किती वेळा सांगितले असेन! पण ज्याने पहिल्यांदा ‘पुढं?’ म्हणून विचारले, त्याला सांगायचे राहिले. अण्णांना जाऊन आता बारा वर्षे झाली.

शिबिराच्या शेवटच्या संध्याकाळी आबांपाशी बसलो असताना हे त्यांना सांगितले. मळ्यात वेलींची उतरण चालली होती. पानवेल आधाराच्या झाडावर उंच गेली की ती खाली उतरवतात, तिचा खालचा भाग मुळाशी मातीत पुरतात आणि शेंडा पुन्हा बुडापासून बांधीत नेतात. आबा म्हणाले, “उतरण केली न्हाई तर येल नुसताच वर जातो, सर. पान बारीक पडतं. ध्यान दिलं तर मळा.”

मग मीच म्हटले, “आबा, ते सकाळचं एकदा सबंध वाचून दाखवू?”

उद्देशिका मला तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी पुस्तक हातात धरले, एकेका शब्दापाशी थांबून अर्थ सांगितला, आणि क्रियापदापर्यंत गेलो. आबा ऐकून घेऊन थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले,

“म्हंजी देनारं बी आपुनच आन् घेनारं बी आपुनच.”

“हो.”

“मग तुमच्या वडलांनी त्या दगडापाशी टेकायला कुनाला इचारायचं हुतं?”

लाल शाई खिशातच राहिली. शिपायाने उठवले तेव्हा अण्णांना हा प्रश्न सुचला नव्हता, आणि मला तर वाक्यच पुरते वाचता आले नव्हते.